विक्सबर्गच्या गुहा कुणी खोदल्या?

विक्सबर्गची माती कोरडी असताना हातात घेतली की मैद्यासारखी लागते. हिमयुगात अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या पात्रात साचलेला बारीक गाळ वाऱ्याने उडाला, पूर्वेच्या काठावर थरावर थर बसत गेला आणि त्याच्या टेकड्या झाल्या. या मातीला लोएस म्हणतात. आम्हा माती-पाया बघणाऱ्या इंजिनिअरांना तिचा एक स्वभाव पक्का माहीत असतो: उभी कापली तर वर्षानुवर्षं उभी राहते, तिरकी कापली तर पावसाबरोबर वाहून जाते. मी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनला राहते आणि माझं बरंचसं काम रस्त्याकडेच्या दरडी तपासण्याचं. विक्सबर्ग इथून पश्चिमेला पाऊण तासाच्या अंतरावर. त्यामुळे अमेरिकन यादवी युद्धातला १८६३ चा विक्सबर्गचा वेढा मला आधी मातीतून कळला. सेनापती नंतर आले.

या मातीत कुदळीने बोगदा पाडला तर फारसे टेकू न देताही छत टिकतं. म्हणून तर ४७ दिवस तोफगोळे पडत असताना अख्खं शहर टेकड्यांच्या पोटात शिरून जगलं. पण शिरण्याआधी कुणाला तरी खणावं लागतं. बोगद्यातून निघालेली माती कुणाला तरी उचलून बाहेर टाकावी लागते. खोदकामाचा हिशोब रोज करणाऱ्या माणसाच्या मनात हा प्रश्न आपोआप येतो, आणि त्याचं उत्तर शोधायला लागल्यापासून मला या वेढ्याची सगळी गोष्टच वेगळी दिसायला लागली.

आधी नदीबद्दल. तेव्हा मिसिसिपी विक्सबर्गपुढे येऊन केसातल्या आकड्यासारखं वळण घ्यायची. काठावर साठेक मीटर उंचीची टेकाडं, त्यांवर दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखायला वेगळ्या झालेल्या राज्यांच्या, तोफा. वळणावर जहाजाचा वेग कमी व्हायचा आणि ते नेमकं माऱ्यात यायचं. १८६२ च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लीन्स पडलं, जूनमध्ये मेंफिस पडलं. त्यानंतर दक्षिणेच्या हातात नदीचा उरला तो विक्सबर्ग ते पोर्ट हडसन एवढाच पट्टा. टेक्सास, लुइझियाना, आर्कान्सामधून गुरं, मीठ, साखर पूर्वेकडे जायची ती याच पट्ट्यातून. उत्तरेचा अध्यक्ष लिंकन याने या शहराला किल्ली म्हटलं होतं आणि ती आपल्या खिशात आल्याखेरीज युद्ध संपणार नाही, असं त्याचं मत होतं.

ही किल्ली मिळवायचा पहिला उपाय म्हणून उत्तरेच्या सैन्याने शहराला वळसा घालणारा कालवाच खणायला घेतला. वळणाच्या पोटातली दे सोटोची जमिनीची जीभ मधोमध कापायची, म्हणजे जहाजं तोफांसमोर न येता निघून जातील. १८६२ च्या उन्हाळ्यात जनरल थॉमस विल्यम्सने आसपासच्या मळ्यांवरून शेकडो गुलाम आणून त्यांना या कामाला जुंपलं. ऊन, हिवताप, दलदल. जुलैत आरमार माघारी फिरलं तेव्हा या माणसांना तिथंच सोडून दिलं गेलं. म्हणजे ज्यांच्या भरवशावर ती मळ्यातून निघाली, तेच गेले आणि मालक परत येऊन उभे राहिले. पुढच्या हिवाळ्यात उत्तरेचा सेनापती ग्रँट याने तोच कालवा पुन्हा खणायला घेतला, नदीला पूर आला आणि सगळं पाण्यात गेलं. १८७६ मध्ये नदीने स्वतःच ती जीभ कापली आणि मुख्य प्रवाह विक्सबर्गपासून दूर गेला. आज शहराखाली जे पाणी दिसतं ते १९०३ मध्ये याझू नदी वळवून आणलेलं आहे.

त्या हिवाळ्यातले ग्रँटचे बाकीचे प्रयत्न मी सांगत बसत नाही. दलदल, झाडांत अडकलेली जहाजं, आजारी सैनिक. एकही फळाला आला नाही. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री मात्र उत्तरेच्या आरमाराच्या ॲडमिरल पोर्टरने आपली जहाजं सरळ तोफांखालून काढली. बॉयलर वाचवायला कडेने कापसाच्या गासड्या आणि गवताचे भारे रचलेले. समोरच्या काठावर दक्षिणेच्या लोकांनी घरं पेटवून नदी उजळून टाकली. इतकं करूनही बुडालं ते सामानाचं एक जहाज. ग्रँटचं सैन्य पश्चिम काठाने चालत दक्षिणेला गेलंच होतं. आता त्याला पूर्व काठावर उतरवायचं होतं.

उतरायचं कुठे? २९ एप्रिलला ग्रँड गल्फच्या तोफा गप्प करायचा प्रयत्न फसला. तिथून आणखी खाली रॉडनी गावापर्यंत जावं लागेल असा ग्रँटचा अंदाज होता. त्या रात्री त्याच्या माणसांनी एका काळ्या माणसाला त्याच्यापुढे आणलं. त्याने सांगितलं की रॉडनीच्या वरच्या अंगाला ब्रुइन्सबर्गला चांगला धक्का आहे, आणि तिथून पोर्ट गिब्सनकडे जाणारा रस्ताही चांगला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्य ब्रुइन्सबर्गला उतरलं. एकही गोळी झाडली गेली नाही.

हे खुद्द ग्रँटनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. माहिती बरोबर निघाली, असं तो नोंदवतो. तेवढ्याच ओघात तो हेही सांगतो की शत्रूच्या बाजूला कोरड्या जमिनीवर पाय टेकल्यावर जी सुटका वाटली तशी नंतर क्वचितच कधी वाटली. कित्येक महिन्यांचे कालवे, मोहिमा आणि हजारो माणसांचे श्रम यांनी जे झालं नाही, ते एका माणसाच्या रस्त्याच्या माहितीने झालं. लष्करी नकाशात नव्हतं ते त्याच्या पायांना ठाऊक होतं. त्याचं नाव मात्र ग्रँटने लिहिलं नाही. त्याच पानांवर कोणत्या कर्नलने काय केलं ते नावानिशी आहे. मला हे वाचून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पकडला गेला असता तर त्या माणसाचं काय झालं असतं हे त्याला पुरतं माहीत होतं. तरी त्याने सांगितलं.

पुढचं झपाट्याने घडलं. १ मेला पोर्ट गिब्सन, १२ ला रेमंड, १४ ला जॅक्सन, १६ ला चॅम्पियन हिल, १७ ला बिग ब्लॅक नदीचा पूल. पाच लढाया, पाचही ग्रँटने जिंकल्या. समोरचा सेनापती जॉन पेंबर्टन मूळचा उत्तरेतल्या फिलाडेल्फियाचा. बायको व्हर्जिनियाची, म्हणून दक्षिणेकडून लढत होता. त्याचा वरिष्ठ जॉन्स्टन म्हणे शहर सोड, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस म्हणे काही झालं तरी राख. तो शहरात शिरला आणि दारं लागली. १९ आणि २२ मेला ग्रँटने सरळ चढाई करून पाहिली. २२ तारखेला एका दिवसात त्याची तीन हजारांवर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. मेलेले आणि जखमी दोन्ही मोर्चांच्या मध्ये मिसिसिपीच्या उन्हात पडून राहिले. २५ मेला काही तास तहाचं निशाण लागलं तेव्हा कुठे प्रेतं पुरता आली.

त्यानंतर वेढा म्हणजे खणणं. बाहेरचे शहराच्या दिशेने खंदक खणत होते, आतले जमिनीखाली घरं.

शहराच्या टेकड्यांमध्ये पाचशेच्या आसपास गुहा खणल्या गेल्या असं मानलं जातं. काही नुसती बिळं, काही मोठ्या, आत फाटे फुटलेल्या. गालिचा, खाट, आरसा, खुर्च्या नेऊन मांडलेल्या. बहुतेक वर्णनांमध्ये इथं थांबून लोकांच्या धीराचं कौतुक येतं. कौतुक करायला माझी हरकत नाही. नदीवरून पोर्टरच्या उखळी तोफा तेरा इंची गोळे टाकत होत्या, ते गोळे रात्री आकाशात चढताना आणि खाली येताना दिसायचे, आणि लहान मुलं मांडीवर घेऊन त्याखाली बसणं सोपं नसतं. पण गुहा खणण्याचा भाव ३० ते ५० डॉलर होता, आकारानुसार, आणि खणणारे काळे लोक होते. विक्सबर्ग ज्यात येतं त्या वॉरन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, १८६० च्या शिरगणतीत दर तीन माणसांमागे जवळपास दोन माणसं गुलाम होती. श्रीमंतांच्या घरी आधीपासूनच राबणारे हात होते. ज्यांच्याकडे नव्हते ते भाड्याने घेत होते.

मेरी लॉफबरो ही दक्षिणेच्या एका अधिकाऱ्याची बायको. वेढ्यात ती आपल्या लहान मुलीला घेऊन गुहेत राहिली आणि १८६४ मध्येच तिने त्या दिवसांची हकीकत छापली. तिचं लिखाण मला आवडतं. बघणारी बाई आहे, भीती लपवत नाही. तिच्या हकिकतीत एक प्रसंग आहे. एक गोळा गुहेच्या तोंडाशीच येऊन पडतो. वात अजून धुमसते आहे. आतली माणसं जागच्या जागी थिजलेली. तेव्हा जॉर्ज नावाचा तिचा नोकर मुलगा पुढे धावतो, गोळा उचलतो, रस्त्यावर फेकतो आणि उलट्या दिशेने पळत सुटतो. वात जवळजवळ विझत आलेली असते, गोळा फुटत नाही. पुढे तो तिथेच गुहेच्या तोंडाजवळ पडून राहतो, जॉर्जच्या निर्भयपणाची आणि आपल्या सुटकेची खूण म्हणून, असं ती लिहिते.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचलाय. जॉर्जला आडनाव नाही. विक्सबर्ग टिकलं तर तो गुलामच राहणार, पडलं तर मोकळा होणार. बाहेरून येणारा गोळा ज्या तोफेतून सुटला ती, एका अर्थी, त्याच्या बाजूची. तरी त्याने तो उचलला. आत एक लहान मूल होतं, कदाचित तेवढंच त्याला दिसलं असेल. मला त्याच्या मनात शिरता येत नाही आणि त्याच्या वतीने बोलायचा मला हक्कही नाही. पण विक्सबर्गच्या शौर्याचं वर्णन करताना या मुलाला पहिल्या रांगेत बसवलं नाही तर ते वर्णन अपुरं आहे, एवढं मी ठामपणे म्हणते.

आतली स्थिती जून उतरताना फार वाईट झाली. शिधा पाव झाला. चवळीच्या पिठाची भाकर, आतून कच्ची आणि वरून दगडासारखी. शेवटी खेचरांचं मांस. कागद संपला तसं 'डेली सिटिझन' हे वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलं जायला लागलं. २८ जूनला पेंबर्टनच्या हातात 'अनेक सैनिक' अशी सही असलेलं पत्र पडलं: आम्हाला खायला घालता येत नसेल तर शरण जा.

बाहेरून खंदक तटाला येऊन भिडले होते. तिसऱ्या लुइझियाना रेजिमेंटच्या बुरुजाखाली सुरुंग खणायला हिकनलूपर या अधिकाऱ्याने सैन्यातले कोळशाच्या आणि शिशाच्या खाणींत काम केलेले लोक निवडून घेतले. २५ जूनला २,२०० पौंड दारू पेटवली. बुरुजाच्या जागी खड्डा पडला, त्या खड्ड्यात रात्रभर लढाई झाली आणि हाती काही लागलं नाही. १ जुलैला दुसरा सुरुंग उडाला. दक्षिणेच्या लोकांनी तो हाणून पाडण्यासाठी आतून उलटा सुरुंग खणायला जमिनीखाली गुलाम घातले होते. स्फोटात ते गाडले गेले. एक जण हवेत उडून ग्रँटच्या मोर्चात येऊन पडला आणि जिवंत राहिला. त्याचं नाव एब्राहम. किती वर गेला होतास, असं कुणीतरी त्याला विचारलं, तो म्हणाला, तीन मैल तरी असेल. हे उत्तर विक्सबर्गवरच्या प्रत्येक गाइडच्या तोंडी असतं आणि ऐकणारे हसतात. मी हसत नाही. जमिनीखाली त्याच्याबरोबर खणणारे बाकीचे वर आलेच नाहीत, हे त्याच दमात सांगायला हवं, आणि ते कुणी सांगत नाही.

आता नदीच्या पलीकडे. विक्सबर्गच्या वरच्या अंगाला, लुइझियानाच्या काठावर मिलिकन्स बेंड ही ग्रँटची जुनी छावणी. तिथं आसपासच्या मळ्यांवरून सुटून आलेल्या माणसांच्या नव्या पलटणी उभ्या राहत होत्या. बंदुका जुन्या, आणि त्याही कित्येकांच्या हातात नुकत्याच आलेल्या. नेम धरायला शिकायला वेळच मिळाला नव्हता. ७ जूनला पहाटे टेक्सासच्या सैन्याने हल्ला केला. बांधावर संगिनीला संगीन भिडली, बंदुकीचे दस्ते डोक्यांत घातले गेले. अखेर 'चॉक्टॉ' ही तोफांची नौका मदतीला आली आणि हल्ला करणारे मागे फिरले. उत्तरेच्या बाजूने साडेसहाशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, आणि त्यांत बहुसंख्य हे नवे काळे सैनिक होते.

हल्ला करणाऱ्या ब्रिगेडच्या सेनापतीने, मॅककुलकने, स्वतःच्या अहवालात मान्य केलं की काळ्या सैनिकांनी चिवटपणे तोंड दिलं, आणि तिथल्या गोऱ्या सैनिकांना मात्र त्याने पळपुटे ठरवलं. शत्रूची ही साक्ष. ग्रँटच्या छावणीत वॉशिंग्टनने पाठवलेला चार्ल्स डाना होता. काळ्या माणसांना सैन्यात घेण्याबद्दल सैन्याचं मत या लढाईने पार बदलून गेलं, असं त्याने लिहिलं. पुढे युद्ध संपेपर्यंत उत्तरेकडून पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक लढले. मिलिकन्स बेंडला जाऊन बघावं म्हटलं तर रणांगणाचा मोठा भाग नदीने गिळलाय.

३ जुलैला पेंबर्टन आणि ग्रँट एका ओकच्या झाडाजवळ भेटले. मेक्सिकोच्या युद्धात दोघं एकाच सैन्यात होते. ४ जुलैला अटी जरा सैल मिळतील असा पेंबर्टनचा हिशोब होता आणि त्याच दिवशी त्याने शहर दिलं. साडेएकोणतीस हजारांच्या आसपास सैनिक आणि १७२ तोफा. एवढे कैदी उत्तरेला न्यायला जहाजं कुठून आणायची, म्हणून पुन्हा न लढण्याच्या शपथेवर त्यांना सोडण्यात आलं. ९ जुलैला पोर्ट हडसनही पडलं आणि मिसिसिपी उगमापासून समुद्रापर्यंत उत्तरेची झाली. ज्या ओकखाली बोलणी झाली त्याच्या ढलप्या सैनिकांनी आठवण म्हणून इतक्या नेल्या की झाड उरलं नाही.

विक्सबर्गबद्दल लोक हमखास एक गोष्ट सांगतात: या शहराने त्या शरणागतीनंतर कित्येक दशकं ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन साजरा केला नाही. १९४७ मध्ये आयझेनहॉवर पाहुणा म्हणून आला तेव्हा मोठा समारंभ झाला, असं पुढे जोडलं जातं. 'या शहराने' म्हणजे कुणी? गोऱ्यांनी केला नाही. काळ्या विक्सबर्गसाठी तर तो दुहेरी स्वातंत्र्याचा दिवस होता, आणि ते तो साजरा करत होते. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १८७४ च्या डिसेंबरमध्ये पीटर क्रॉसबी या निवडून आलेल्या काळ्या शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, गोऱ्यांच्या जमावाने हाकललं. तो एकेकाळचा गुलाम, उत्तरेच्या सैन्यात लढलेला. त्याच्या बाजूने गावागावांतून चालत आलेल्या काळ्या माणसांना शहराच्या वेशीवर गोळ्या घातल्या गेल्या. हे वेढ्याच्या गोष्टीत येत नाही, कारण गोष्ट ४ जुलै १८६३ ला थांबवायची सवय आहे.

रणभूमीचं राष्ट्रीय उद्यान १८९९ चं. तिथं राज्याराज्यांची स्मारकं आहेत, घुमट, खांब, घोडे. पहिल्या आणि तिसऱ्या मिसिसिपी काळ्या पायदळाचं स्मारक २००४ मध्ये उभं राहिलं. तीन ब्राँझच्या आकृत्या: एक सैनिक, एक शेतावर राबणारा माणूस, आणि दोघांनी मिळून सावरलेला जखमी सैनिक. शेतमजूर मागे बघतो आहे, सैनिक पुढे. माझी सहकारी मूळची याच भागातली, तिचे पूर्वज या मळ्यांवर राबलेले. ती मला म्हणाली होती, बाकी काही बघू नकोस, आधी हे बघ. आता मी कुणाला घेऊन गेले की हेच करते.

आणि वेळ असला तर नकाशावर विक्सबर्गच्या खालचं डेव्हिस बेंड शोधून बघा. तिथं जेफरसन डेव्हिसचा मळा होता, ब्रायरफील्ड. विक्सबर्ग पडल्यानंतर बरोबर एक वर्षाने, ४ जुलै १८६४ ला, मुक्त झालेली माणसं आणि उत्तरेतून आलेले शिक्षक त्या वाड्यापाशी सण करायला जमले. वाड्याच्या दर्शनी भागावर 'जेफने बांधलेलं घर' अशी अक्षरं होती. विटा-लाकडं कुणी वाहिली होती हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारचा मोठा मळा जेफरसनच्या थोरल्या भावाचा, जोसेफचा. त्या मळ्यावर गुलाम असतानाच दुकान आणि हिशेब सांभाळणारा बेंजामिन माँटगोमेरी नावाचा माणूस होता. १८६६ मध्ये जोसेफ डेव्हिसने त्या जमिनी त्यालाच विकल्या, तीन लाख डॉलरच्या कराराने. ब्रायरफील्डही त्यात आलं.